सर्जेरावाचा तीळ

गौराक्का रांगेपुढून सावकाश चालत आली. बाजारात वांगी निवडावीत तशी एकेकाच्या तोंडाकडे बघत, कुणापुढे थोडी रेंगाळत, कुणाला एका नजरेत बाद करत ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिनं माझ्या छातीवर पंजा ठेवला.

"ह्योच," ती म्हणाली.

तालुक्याच्या तुरुंगाच्या आवारात ओळख परेड चालली होती. माझ्याच वयाची, माझ्याच अंगलटीची माणसं माझ्या दोन्ही बाजूंना उभी केली होती. त्यातला एक कचेरीतला शिपाई होता आणि एक रस्त्यावरून धरून आणलेला रसवंतीवाला. गौराक्कानं आपल्याला सोडलं ह्याचा त्या दोघांना इतका आनंद झाला, की ते उघड उघड हसायला लागले. नायब तहसीलदारांनी तिला बजावलं, की नीट बघा, घाई करू नका.

"घाई कशाला करू? ह्या डोळ्यांनी बघितलंय. भिवया जुळलेल्या, गालावर हरभऱ्याएवढा तीळ, आन् हसला की त्वांडाची एकच बाजू वर जाती."

"पण आजी, ह्याच्या गालावर तीळ नाही."

गौराक्का आणखी जवळ आली. कापडाचा रंग जातो का ते बघावं तसा तिनं माझ्या गालावर अंगठा घासला, अंगठ्याकडे निरखून बघितलं आणि तहसीलदारांना म्हणाली, "काढून ठिऊन आलाय."

खरं सांगायचं तर एवढ्यापुरतं तिचं काहीच चुकलं नव्हतं. तो तीळ मी काढूनच ठेवला होता.

त्या वेळी मी साखर कारखान्यात फिटर होतो, पण आकाराम फिटर म्हणून मला गावात कोण ओळखत होतं? मी होतो सर्जेराव. आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी नाना जंगमांचं तीन अंकी नाटक व्हायचं. नाना सायकलचं दुकान चालवायचे, पंक्चर काढायचे आणि उरलेल्या वेळात नाटक लिहायचे, बसवायचे आणि आमची तोंडंही रंगवायचे. कथा दरवर्षी बदलायची, पण खलपुरुषाचं नाव सर्जेरावच आणि तो मीच. भिवया काजळानं जोडायच्या आणि डाव्या गालावर तीळ. हा तीळ नाना सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून काढायचे आणि पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवायचे. पेन्सिलीनं काढलेला तीळ घामानं पसरतो आणि पाचव्या प्रवेशात सर्जेरावाचा कोळसेवाला होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते काम इतकं जीव तोडून करायचो, की यात्रेनंतर महिनाभर बायका मला बघून पदर सावरायच्या. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

गौराक्का मूळची आमच्या गावची नव्हे. अथणीकडची. नवरा गेल्यावर ती लेकीकडे राहायला आली, म्हणजे जावयाकडे, स्टँडवरच्या केरबा हॉटेलवाल्याकडे. त्या साली तिनं आमची यात्रा पहिल्यांदा बघितली. यात्रा होऊन थोडे दिवस झाले असतील. तिन्हीसांजेला ती शेताकडून ओढ्याच्या वाटेनं घरी येत होती, तेव्हा उसातून एक माणूस बाहेर आला, त्यानं तिच्या गळ्यातली बोरमाळ हिसडली आणि पुन्हा उसात शिरला. म्हातारी तोंडावर पडली. बोरमाळ तिच्या आईची होती. नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा तिनं ती मोडली नव्हती. दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही, असं केरबा सांगायचा, आणि ते खरं होतं.

फौजदार ढोबळे जबाब घ्यायला आले ते केरबाच्या हॉटेलातच. गौराक्कानं भिवया सांगितल्या, तीळ सांगितला, हसणं सांगितलं. चहा पीत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर आपला सर्जेराव." बाकीच्यांनी माना हलवल्या, कारण वर्णन हुबेहूब होतं. अंधार पडायच्या आत हवालदार घोरपडे माझ्या दारात होता.

ढोबळ्यांनी विचारलं, त्या संध्याकाळी कुठे होतास. मी म्हटलं, कारखान्यातनं सुटलो आणि वाटेत चिंचेखाली थांबून भाषण पाठ करत होतो, शेजारच्या गावच्या यात्रेत प्रयोग होता.

"एकटाच हुतास का?" घोरपडेनं विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा, सायकल हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्यालासुद्धा.

"न्हाई. एक म्हैस हुती."

"तिचा जबाब घेऊ?" ढोबळे म्हणाले.

मी त्यांना जीव तोडून सांगितलं, की साहेब, तो तीळ माझा नव्हे, नाटकातला आहे. ढोबळ्यांना ह्याचा फार आनंद झाला. ते म्हणाले, म्हणजे तीळ लावायची तुला सवय आहे, आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'आरोपी वेषांतर करण्यात पटाईत.' माझ्या अभिनयाची लेखी दखल कुणी घेतली असेल तर ती एवढीच.

ओळख परेडीनंतर चुलत्यानं जामीन दिला आणि मी घरी आलो. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी लावायची, गाव सोडायचं नाही. ह्या सगळ्याचं मी एक वेळ हसू केलं असतं, पण त्या वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. मुलगी बोरगावच्या भाऊसाहेबांची, नाव शालन. भाऊसाहेबांनी मध्यस्थाच्या हाती निरोप पाठवला, की खरा चोर सापडेपर्यंत अक्षता पडणार नाहीत. त्याच मध्यस्थाच्या हाती शालननं आपला वेगळा निरोप पाठवला होता, आणि तो त्यानं बिचाऱ्यानं मान खाली घालून सांगितला. "ती म्हणती, मी थांबती, पन लई दिवस न्हाई." मी तिला एकदाच बघितलं होतं, पोह्यांची बशी देताना. त्या निरोपानंतर मात्र मला तिच्यावाचून झोप येईना.

मी नानांच्या दुकानात जाऊन बसलो. नाना ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की म्हातारी नेमकं काय म्हणाली. मी भिवया, तीळ, हसणं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग नाना हसायला लागले. हसता हसता हातातली ट्यूब सुटली आणि घमेल्यातलं पाणी माझ्या विजारीवर उडालं. माझ्यावर चोरीचा आळ आणि ह्या माणसाला हसू फुटतंय, हे बघून माझं डोकंच फिरलं.

पण खरा कहर पुढेच होता. गावातल्या महिला मंडळाला शिलाई मशीन घ्यायची होती, त्यासाठी नानांनी खास बायकांसाठी दुपारचा प्रयोग जाहीर केला. यात्रेचंच नाटक, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. आणि त्यात सर्जेराव कोण, तर फौजदार ढोबळे.

"आन् मी?" मी विचारलं.

"तू थोरला भाऊ."

थोरला भाऊ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत रडणारं पात्र. ते काम दरवर्षी पोस्टमास्तर करायचे आणि दुसऱ्या अंकापर्यंत लोकांना झोप आणायचे.

"ज्यानं मला आत टाकलं त्याला माझी भूमिका देता? मस्का मारून केस मिटवायची आसंल तर मला नको."

"आक्या, तुला अक्कल आसती तर तू डायरेक्टर झाला आसतास," नाना म्हणाले. "निस्तं रडायचं. आन् चांगलं रडायचं. बाकी माझ्यावर सोड."

मी नानांशी बोलणं टाकलं. तालमीला मात्र जात होतो, कारण आई म्हणाली, चार बायकांपुढे रडलास तर गावाला निदान तुझी दया येईल.

ढोबळ्यांना नाटकाचं वेड होतं हे नानांना यात्रेच्या बंदोबस्तातच समजलं होतं. बंदोबस्त राहिला बाजूला, साहेब पूर्ण वेळ विंगेत उभे होते. शाळेत असताना त्यांनी एकदा द्वारपालाचं काम केलं होतं आणि ते दोन वाक्यांत संपलं, ही सल त्यांच्या मनात होती. नानांनी त्यांना सांगितलं, की नायकाचं काम काय, कुणीही गुळगुळीत तोंडाचा करतो. सर्जेरावाला आवाज लागतो, जरब लागते. साहेब लगेच पाघळले. आणि मला कबूल करायला नको वाटतं, पण काम ते झकास करत होते. फक्त एका बाजूनं हसणं त्यांना जमेना. एक दिवस तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि थोडं घुटमळत विचारलं, की तो ओठ कसा उचलतोस रे. मी शिकवलं. दोनतीन दिवस त्यांच्या क्वार्टरवर आरशासमोर आम्ही दोघं शेजारी उभे राहून हसत होतो, आरोपी आणि फौजदार. ते मला चहा द्यायचे. आणि सोमवारी मी हजेरीला गेलो की मान वर न करता म्हणायचे, सही कर आणि नीघ.

प्रयोग रविवारी दुपारी होता. नानांनी ढोबळ्यांच्या भिवया जोडल्या, ट्यूबचा नवा तुकडा कापला, सोल्यूशनचे एकावर एक थर दिले आणि तीळ अंगठ्यानं दाबून धरला. एरवी ते इतकं सोल्यूशन ट्रॅक्टरच्या ट्यूबलासुद्धा लावत नसत. मांडव बायकांनी फुलला होता. पहिल्या रांगेत मधोमध सतरंजीवर गौराक्का बसली होती. महिला मंडळातर्फे तिला खास बोलावणं गेलं होतं, आणि ते कुणी धाडायला लावलं हे मला नंतर समजलं.

दुसरा अंक सुरू झाला. मी विंगेत उभा होतो. मंचावर मिरजेहून आणलेली नटी होती, तिचं काम विधवा धाकट्या भावजयीचं. ती देवळातून परत येतेय, वाट निर्जन आहे, आणि झाडामागून सर्जेराव बाहेर येतो. ढोबळे आले. त्यांनी ओठ उचलला, मी शिकवला तसाच, आणि एका हिसड्यात तिच्या गळ्यातली माळ तोडली.

माझं लक्ष सहज गौराक्काकडे गेलं. तिचा हात स्वतःच्या मोकळ्या गळ्याशी गेला होता आणि ती डोळ्यांची पापणीसुद्धा न हलवता ढोबळ्यांकडे बघत होती. यात्रेत ही माळ मी तोडली होती. तेव्हाही ती पहिल्या रांगेत बसली होती, असाच हात गळ्याशी नेऊन बसली असणार. एवढे दिवस डोकं खाजवूनही जे मला सुचलं नव्हतं ते त्या एका क्षणात लख्ख समजलं. मी वळून बघितलं तर समोरच्या विंगेत नाना उभे होते आणि ते नाटकाकडे बघतच नव्हते, म्हातारीकडे बघत होते.

पुढच्या प्रवेशात मला मंचावर जाऊन भावजयीसाठी रडायचं होतं. मी रडलो. खरोखरीचं रडलो. शालन आठवली, भाऊसाहेब आठवले, तुरुंगातली आमटी आठवली. मांडवातल्या बायका हुंदके देत होत्या आणि पोस्टमास्तरांची बायको सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी हजेरीला गेलो तेव्हा ढोबळे टेबलामागे एक हात गालावर ठेवून बसले होते, दाढ दुखत असल्यासारखे.

"हा निघत कसा नाही रे?"

"रॉकेलनं निघतो, साहेब. पन दोन दिस जात्यात."

नानांना बोलवायला माणूस पाठवला होता, पण नाना टायर आणायला पहाटेच मिरजेला गेले होते. साहेबांनी साबण लावून बघितला होता, खोबरेल लावून बघितलं होतं. गाल लालभडक झाला होता आणि त्या लाल गालावर तीळ आणखीच ठसठशीत दिसत होता.

तेवढ्यात दारात गौराक्का उभी राहिली. मागे केरबा होता, आणि आपण इथे का आलो ह्याची त्याला लाज वाटत होती हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हातारी आधी माझ्याकडे आली. माझ्या गालांवरून तिनं दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"लेकरा, माझं चुकलं रं," ती म्हणाली. "काल किती रडलास भावजयीसाठनं. तू कुणाच्या गळ्याला हात घालणारा न्हवंस." मग ती टेबलाकडे वळली. "हात काढा गालावरचा."

का कुणास ठाऊक, ढोबळ्यांनी हात काढला.

"ह्योच," गौराक्का म्हणाली.

हवालदार घोरपडेनं सवयीप्रमाणे कोरा कागद पुढे ओढला होता. तो त्यानं हळूच पुन्हा मागे सारला.

"आजी, अहो ते नाटक होतं," ढोबळे म्हणाले.

"नाटक काल झालं. मी वढ्याजवळचं बोलतीय."

"अहो, तुमची तक्रार मीच लिहून घेतली. तुमच्यासमोर बसून."

"तवा डोसक्यावर टोपी हुती. म्हनून वळकलं न्हाई."

केरबा म्हणाला, "मामी, चला की घरी." मामी हलली नाही.

"मी कशाला तिथे येऊ?" ढोबळ्यांचा आवाज थोडा चढला. "त्या संध्याकाळी मी क्वार्टरवर झोपलो होतो."

"एकटंच हुता का, साहेब?" घोरपडेनं विचारलं.

त्यानं मुद्दाम विचारलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तोंडातून गेलं. आणि गेल्यावर तो असा काही दचकला, की उठून उभाच राहिला. ढोबळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. माझ्याकडे निदान म्हैस तरी होती.

गौराक्का म्हणाली, की मी सांगितलंय ते कागदावर लिहा, त्याशिवाय मी जाणार नाही, आणि ती ठाण्याच्या उंबऱ्यावर बैठक मारून बसली. बघता बघता बाहेर माणसं जमली. शेवटी घोरपडेनं तिचा जबाब लिहून घेतला. जिच्याविरुद्ध लिहायचं ती व्यक्ती टेबलामागे बसून मजकूर सांगत होती, कारण घोरपडेला एकट्याला वाक्य जुळवता येत नसे. अंगठा उठवून म्हातारी गेली, तेव्हा जाता जाता तिनं मला आपल्याकडे जेवायला यायला सांगितलं.

ढोबळ्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि मला थांबायला सांगितलं.

"नानानं शिकवलं तिला?"

"न्हाई, साहेब. नाना तिच्याशी एक शब्द बोललं न्हाईत."

"तू?"

"मला बघून ती रस्ता बदलत हुती."

त्यांनी गाल चोळला. मग म्हणाले, "म्हणजे तिला खरंच वाटतंय, की मी होतो."

"मी हुतो तवाबी तिला खरंच वाटत हुतं, साहेब."

मला त्या माणसाची दया आली. आणि इतके दिवस मनात जपलेला राग असा आयत्या वेळी निसटून चाललाय ह्याचा मला रागही आला. ढोबळे काही वाईट माणूस नव्हते. म्हातारीचे अश्रू त्यांना खरे वाटले होते, आणि ते खरेच होते. त्याच आठवड्यात त्यांनी तालुक्याला कळवलं, की आकारामविरुद्ध विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. तीळ गेला, पण पुढे कितीतरी दिवस ते बाजारात भेटेल त्याला, न विचारताच, आपण त्या संध्याकाळी झोपलो होतो हे सांगत होते.

भाऊसाहेब मात्र आपल्या शब्दावर अडून बसले. पुरावा नाही म्हणजे निर्दोष नाही, खरा चोर दाखवा, असं त्यांचं म्हणणं. वैशाख कोरडा गेला. नाना म्हणाले, मला नाटक बसवता येतं, चोर कुठून बसवू?

ज्येष्ठात एक दिवस ढोबळ्यांनी मला बोलावणं पाठवलं. ठाण्यात गेलो तर बाकावर एक माणूस बसला होता, किडकिडीत, गोरा, पोस्टमनसारख्या चेहऱ्याचा. पलीकडच्या तालुक्यातला. बोरमाळ विकायला सराफाकडे गेला आणि सापडला. गौराक्का माझ्या आधी येऊन गेली होती. बोरमाळ हातात दिल्यावर तिनं ती नाकाशी धरली आणि आईच्या नावानं जी रडायला लागली ती थांबेना, असं घोरपडे सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचेच डोळे भरून आले. मग तिला त्या माणसापुढे उभं केलं. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ती म्हणाली, "ह्यो न्हवं. ह्याचं त्वांड बघा की, गरीब गाय. ह्याला कुनीतरी इकली आसंल." आणि तिनं ढोबळ्यांकडे एक नजर टाकली.

आता तो माणूसही तेच म्हणत होता, की मला एका अनोळखी माणसानं विकली, मी कधी ह्या गावात आलोच नाही.

"तू रोज त्याच वाटेनं येतोस," ढोबळे मला म्हणाले. "हा कधी ओढ्याजवळ दिसला होता का? तुझा एक जबाब मिळाला तर हा चोर ठरतो. संध्याकाळी मी स्वतः बोरगावला जाऊन भाऊसाहेबांना सांगतो."

मी त्या माणसाकडे बघितलं. आणि काय सांगू, तो मला दिसायला लागला. ओढ्याच्या वळणावर, उसाच्या कडेला, उन्हं उतरताना. आधी नुसता उभा असलेला, मग विडी ओढताना, मग माझी सायकल बघून मागे सरकताना. इतका स्पष्ट, की इतके दिवस हे आपल्याला आठवलं कसं नाही ह्याचं मला आश्चर्य वाटलं. शालन आठवली, आणि तो आणखी स्पष्ट झाला.

"दिसला हुता, साहेब," असं मी म्हणालो की नुसतं म्हणायला तोंड उघडलं, ते आता सांगता येत नाही. ढोबळ्यांनी मात्र पेन उघडून लिहायला सुरुवात केली होती.

"कसा दिसत होता? सविस्तर सांग."

मी डोळे मिटले. "पांढरा शर्ट. हातात विडी. वळून माझ्याकडं बघून हसला, एका बाजूनं. आन् डाव्या गालावर..."

मी डोळे उघडले. बाकावरचा माणूस माझ्याकडे केविलवाणा बघत होता. त्याचा गाल लहान मुलासारखा स्वच्छ होता.

"साहेब, लिहू नका," मी म्हटलं. "ह्याच्या गालावर तीळ न्हाई."

ढोबळ्यांचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला. मग त्यांनी तो कागद फाडला, पेनाला टोपण लावलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

"चल, जीपमध्ये बस. बोरगावला जाऊ."

"आता कशाला, साहेब? चोर कुटं ठरलाय?"

"नसू दे ठरला. तुझ्या सासऱ्याला मी सांगतो."

"काय सांगनार?"

"सांगतो, की त्या म्हातारीनं मलाही ओळखलंय."